उस्ताद सुट्टीवर आहेत

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाने ते यंत्र पाहिलेलं आहे. ट्रकवर दुमडून बसलेला लांबलचक लोखंडी हात. साइटवर आला की उलगडत उलगडत पाचव्या मजल्यावर जातो आणि टोकाच्या रबरी होजमधून काँक्रीट ओततो. रस्त्यावरचे लोक थांबून, माना वर करून बघतात.

काही जण तर थेट त्या हाताखालीच उभे राहून बघतात.

सोसायटीचे अध्यक्ष तिथूनच व्हिडिओ काढतात. रीडेव्हलपमेंटचा पहिला स्लॅब आहे, ग्रुपवर टाकायला नको?

या यंत्राला म्हणतात बूम पंप. चालवणारा त्यात बसत नाही. तो खाली उभा असतो आणि त्याच्या पोटाशी पट्ट्याने बांधलेला रिमोट असतो. समजा हात छत्तीस मीटरचा आहे. त्याच्या अंगावरून गेलेल्या सव्वाशे मिलिमीटर व्यासाच्या पाइपात टनभर ओलं काँक्रीट भरलेलं असतं. खाली आणि वर मिळून वीस-पंचवीस माणसं. आणि हे सगळं दोन अंगठ्यांच्या भरवशावर.

तर हा रिमोट हातात घ्यायला आपल्याकडे कोणतं लायसन्स लागतं?

ट्रक साइटपर्यंत आणायला लागतं. जड वाहनाचं. म्हणजे चाकं फिरत असतील तोवर सरकारला तुमची काळजी आहे. चाकं थांबली, जॅक टेकले, हात आभाळात गेला की सरकार निवांत.

मग ऑपरेटर तयार होतो कसा? सोपं आहे. पोरगा आधी हेल्पर म्हणून लागतो. वर्ष-दोन वर्षं हॉपर, म्हणजे काँक्रीट ओततात तो हौद, धुतो, क्लॅम्प ठोकतो, पाइप खांद्यावरून वाहतो, उस्तादचा चहा आणतो. रिमोटला हात लावला तर शिव्या खातो. मग एक दिवस उस्तादच्या गावी लग्न निघतं, किंवा छठ येते. स्लॅब काही थांबत नाही. मालक फोनवर म्हणतो, 'तूच चालव रे आज.'

पदवीदान समारंभ संपन्न.

उस्तादला कमी लेखायचं कारण नाही. लाइन चोक झाली की तो पाइपवर हातोडी मारत मारत जातो आणि गोळा नेमका कुठे बसलाय ते आवाजावरून सांगतो. मोकळा पाइप खणखणतो, भरलेला बद्द वाजतो. ही विद्या कुठल्याही वर्गात मिळत नाही. पण उस्तादची विद्या चेल्याला हप्त्याहप्त्याने मिळते आणि उस्तादच्या वाईट सवयी एकरकमी मिळतात.

सवय पहिली. हॉपरवर लोखंडी जाळी असते. ती उचलली की आतली पाती थांबावीत म्हणून कंपनीने स्विच लावलेला असतो. आपल्याकडे हा स्विच तारेचा एक तुकडा घालून गप्प करतात. का? तर म्हणे जाळी उचलली की मशीन सारखं बंद पडतं.

अहो, त्यासाठीच तर लावलाय!

सवय दुसरी जरा सावकाश बघू, कारण माणसं इथे मरतात. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब असतो साधारण दोन बार. काँक्रीटच्या पाइपात तो सत्तर-ऐंशी बारपर्यंत सहज जातो, मोठ्या पंपांत त्याच्याही वर. लाइन चोक झाली की हा दाब आतच कोंडतो. अशा वेळी आधी पंप रिव्हर्स मारायचा, दाब उतरवायचा, उतरल्याची खात्री करायची आणि मगच क्लॅम्प उघडायचा. हे सांगायला दहा सेकंद लागतात, करायला दहा मिनिटं. साइटवर दहा मिनिटं कुणाकडे असतात? क्लॅम्पवर हातोडा पडतो. क्लॅम्प उघडतो तसं काँक्रीट बाहेर येतं, खडीसकट, समोर जो असेल त्याच्या अंगावर.

याहून फसवी असते हवा. मिक्सर गाडी उशिरा आली, हॉपर रिकामा झाला तरी पंप चालूच राहिला, की पंप काँक्रीटऐवजी हवा ओढतो. काँक्रीट दबत नाही, हवा दबते. पाइपभर दबत दबत ती होजच्या तोंडाशी पोचते आणि तिथे एकदम सुटते. मग तो जाडजूड होज फटकारा मारतो. त्या क्षणी त्याच्यापासून लांब राहायचं असतं.

आपला माणूस त्या क्षणी होजला मिठी मारून उभा असतो. पोट भरायचं तर होज धरायला नको?

इथेच एक गंमत आहे, तिला गंमत म्हणवत नाही ते सोडा. चूक ऑपरेटरच्या अंगठ्याची आणि मार होजवाल्याला. हात विजेच्या तारेजवळ गेला तरी बहुतेक वेळा झटका बसतो तो होज धरणाऱ्यालाच. उच्च दाबाची तार असेल तर तिला शिवावंही लागत नाही, जवळ जाणं पुरतं. खाली रिमोट घेतलेल्याला वरचा अंदाज येत नाही, आणि वरच्याला कुणी विचारत नाही. परीक्षा घ्यायची तर ती एकाची घ्यायची, जीव वाचणार दुसऱ्याचा. म्हणूनच परीक्षेची मागणी ऑपरेटर करत नसावेत.

होजवाल्याची संघटना? तो दुपारी चारनंतर कोणत्या साइटवर असेल तेही त्याला माहीत नसतं.

सवय तिसरी: पाय. बूम पंपाला चार पाय असतात, साइटवर त्यांना जॅक म्हणतात. हात ज्या बाजूला फिरेल त्या बाजूच्या पायावर कित्येक टनांचा भार येतो. खाली जाड लाकडी स्लीपर हवेत, जमीन घट्ट हवी, खोदलेल्या खड्ड्यापासून अंतर हवं. आपल्याकडे जागा कुठली मिळते? बेसमेंटच्या भिंतीलगतचा परवाच केलेला भराव. आणि स्लीपरच्या जागी? सेंट्रिंगची उरलेली फळी.

गल्ली अरुंद असेल तर एका बाजूचे पाय अर्धेच उघडतात. गाड्या जायला जागा नको का? दुचाकीवाले हॉर्न मारून मारून जीव नकोसा करतात, त्यांना त्या पायाखालूनच जायचं असतं.

आता म्हणाल, नियमच नाहीत का? आहेत की! नियमांच्या बाबतीत आपण कधी मागे होतो? इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा आला १९९६ मध्ये. त्याखालचे केंद्रीय नियम १९९८ चे. त्यात काँक्रीटच्या कामावर वेगळं प्रकरण आहे. पाइप टोकाला आणि प्रत्येक वळणावर घट्ट बांधा. वरच्या टोकाजवळ हवा सोडायचा व्हॉल्व्ह लावा. पंप ठरलेल्या खुणांनीच चालवा. पंपाभोवतीच्या कामगारांना डोळ्यांना गॉगल द्या. वाचून डोळे भरून येतात.

गॉगल नसल्यामुळेही येतात.

ठरलेल्या खुणांचं म्हणाल तर चौदाव्या मजल्यावरचा मुकादम खालच्या ऑपरेटरला दिसत नाही. मग फोन. 'हॅलो, चालू कर.' 'हॅलो, बास.' या दोन वाक्यांच्या मध्ये रेंज गेली की स्लॅबवर काँक्रीटचा डोंगर होतो आणि खालच्या टेकूंना घाम फुटतो. वॉकीटॉकी का नाही? खर्च. मुकादमाच्या फोनचा रिचार्ज कोण भरतं? मुकादम.

आणि गॉगल निघतात वर्षातून एकदा, ४ मार्चला. राष्ट्रीय सुरक्षा दिन. बॅनर लागतो, शपथ होते, नव्याकोऱ्या हेल्मेटांचा फोटो निघतो. ५ मार्चला हेल्मेटं स्टोअरमध्ये, कारण नवी आहेत, खराब होतील.

काँक्रीटने कातडी जळते हेही किती जणांना माहीत आहे? ओलं सिमेंट चांगलंच अल्कली असतं, चुन्याच्या वाटेचं. गमबूट फाटका असेल तर काँक्रीट आत शिरतं, दिवसभर तिथेच राहतं आणि संध्याकाळी बूट काढताना पायाची साल निघते. लागलीच दुखत नाही हीच त्याची खोड. औषध काय, तर खोबरेल तेल आणि उद्याची हजेरी.

पुढारलेल्या देशांचं उदाहरण दिलं की आपल्याकडे लोक चिडतात, तरी देतो. ऑस्ट्रेलियात काँक्रीटचा बूम चालवायला जोखमीच्या कामाचं वेगळं सरकारी लायसन्स लागतं. क्रेनचं असतं तसं, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ब्रिटनमध्ये काँक्रीट पंप सुरक्षित कसा वापरावा याचं स्वतंत्र मानकच आहे. अमेरिकेत तर पंपवाल्यांच्या संघटनेनेच ऑपरेटरसाठी परीक्षा आणि प्रमाणपत्र सुरू केलं. तिथला मालक आपल्या मालकापेक्षा मोठ्या मनाचा आहे असं समजू नका.

तिथला वकील महाग आहे.

बरं, यंत्र परदेशातून येतं म्हणून तिथली शिस्त इथे पोचली नाही असंही नाही. पुट्झमायस्टर गोव्यात वेर्ण्याला पंप बनवते. श्विंग स्टेटर चेन्नईत. सॅनी चाकणला, म्हणजे पुण्याच्या उंबरठ्यावर. नवा पंप घेतला की कंपनीचा माणूस येऊन ऑपरेटरला शिकवून जातो. हे चांगलंच आहे. पण शिकलेला ऑपरेटर चार पैसे जास्त मिळाले की दुसऱ्या मालकाकडे जातो, आणि पंप तिसऱ्या मालकाला विकला जातो. मॅन्युअल पहिल्या मालकाच्या कपाटात. इंग्रजीत.

त्यामुळे मालक म्हणतो, शिकवून करायचं काय? शिकला की पळतो. न शिकलेला जाग्यावर राहतो.

कधी कधी कायमचाच.

यंत्राच्या कुवतीबद्दल शंका नको. दुबईच्या बुर्ज खलिफावर पंपाने ६०६ मीटर उंचीपर्यंत काँक्रीट चढवलं. २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्ट्या तापल्या तेव्हा त्यांच्यावर पाणी मारायलाही हेच बूम पंप नेले होते. किरणोत्सर्गामुळे माणसं दूर ठेवावी लागली. आपल्या साइटवरचे बघे हटवायला बहुधा तेच करावं लागेल.

देखभालीचंही ऐका. काँक्रीट पाइपला आतून घासत जातं. बाहेरून रंग झकास, आत पत्रा कागदासारखा. जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं, भिंग लावून शोधायची गरज नाही. पण पंपाच्या नाकावर बघा काय लटकतंय. लिंबू-मिरची. ती दर शनिवारी बदलते.

पाइप फुटल्यावर बदलतो.

दसऱ्याला त्याच पाइपला झेंडूची माळ आणि हळदकुंकू. त्याबद्दल तक्रार नाही. माळ घालताना पाइपवर एक टिचकी मारून बघितली तरी पुष्कळ.

प्रमाणपत्र ही चीज आपल्या बांधकाम कामगाराला अनोळखी आहे, असंही नाही बरं का. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर जमा होतो, त्यातून राज्याचं कल्याणकारी मंडळ चालतं. नोंदणी करायची तर वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. त्यावर सही, शिक्का, आधार, फोटो, रांग, पुन्हा रांग. नोंदणी झाली की सुरक्षा संच मिळतो, भांड्यांचा संच मिळतो. भांड्यांत प्रेशर कुकरही असतो.

म्हणजे पाच लिटरच्या कुकरला नव्वद दिवसांचा दाखला. ऐंशी बारच्या पंपाला काहीच नाही.

आणि हा दाखला ज्याला विटेचं वजनही ठाऊक नाही अशालाही मिळतो, हे गावोगावी माहीत आहे. खरा होजवाला मात्र रांगेत उभा राहू शकत नाही. रांग कामाच्या वेळेत असते.

कौशल्य विकासवाल्यांना विसरायला नको. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल नावाची संस्था आहे, यंत्रचालकांचे अभ्यासक्रम आहेत, परीक्षा आहेत, प्रमाणपत्रं आहेत. ज्याने घेतलं त्याचं भलं होवो. पण साइटवर ते मागतं कोण? कंत्राटदार ऑपरेटरला विचारतो ते एवढंच: 'रात्री थांबशील ना?'

आता १९९६ च्या त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू. बांधकामावर अडीचशे कामगार असतील तर सुरक्षा अधिकारी हवाच. छान. गल्लीतल्या सात मजल्यांच्या स्लॅबवर माणसं किती असतात? मोजून पंचवीस. मग तिथला सुरक्षा अधिकारी कोण?

लिंबू-मिरची.

संहितेत कामगाराला एक हक्कही दिलाय. जिवाला धोका दिसला तर तो मालकाच्या नजरेला आणून देऊ शकतो आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. या निरीक्षकाला आता सुविधाकर्ताही म्हणायचं. तर कल्पना करा. जॅक भरावात खचतोय. झारखंडचा तेवीस वर्षांचा ऑपरेटर रिमोट बाजूला ठेवतो, मोबाइल काढतो आणि सुविधाकर्त्याचा नंबर शोधू लागतो.

सापडेपर्यंत पंप आडवा झालेला असतो.

आता लायसन्स सक्तीचं केलं तर काय होईल, हेही तुम्हाला-मला ठाऊक आहे. पंधरा दिवसांत एजंट उगवतील. 'दोन फोटो आणा, आधारची झेरॉक्स आणा, बाकी आम्ही बघतो.' लेखी परीक्षेत सगळ्यांची उत्तरं एकाच हस्ताक्षरात. लॅमिनेशनचे वेगळे वीस रुपये. प्रत्येक पंपाच्या केबिनमध्ये चकचकीत कार्ड लटकेल. तेही लिंबू-मिरचीशेजारीच.

तरी सक्ती हवी. खोटं लायसन्स मिळतं म्हणून आपण मोटारी बिनलायसन्सच्या सोडल्या नाहीत. पण अडचण कार्डाच्या खरे-खोटेपणापुरती नाही.

ती आहे घड्याळाची. तयार काँक्रीट प्लांटवर गाडीत भरल्यापासून दोन तासांत उतरवावं, असं भारतीय मानक सांगतं. गाडी घोडबंदर रोडवर किंवा हिंजवडीच्या चौकात अडकते. दोन तास तिथेच संपतात. साइटवर येईपर्यंत माल घट्ट व्हायला लागलेला. मग कुणीतरी ओरडतो, 'पाणी मार!' ड्रममध्ये पाणी सोडलं की माल पातळ होतो, खडी वेगळी आणि रस वेगळा. अशी खडी पाइपच्या वळणावर बसते. लाइन चोक. मागे आणखी तीन गाड्या ड्रम फिरवत उभ्या. साइट इंजिनीअरच्या फोनवर बिल्डर, मुकादमाच्या फोनवर प्लांटवाला, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, क्लॅम्पपाशी उभ्या असलेल्या पोराकडे.

त्या पोराला रिव्हर्स मारून दाब उतरवायचं माहीत नाही असं नसतं. माहीत असतं. त्या क्षणी 'थांबा' म्हणायची त्याची पत नसते. म्हटलंच, तर उद्या दुसरा पोरगा येतो, ज्याचा उस्ताद सुट्टीवर आहे.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. आतल्या पानावर चार ओळींची बातमी. शेवटी 'निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल.' आधी ३०४ अ होतं, दोन वर्षं. आता न्याय संहितेचं १०६ आहे, पाच वर्षांपर्यंत. कोणावर दाखल? 'पंप ऑपरेटर', वय तेवीस. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर त्याच्या नावापुढे ऑपरेटर लागतं ते इथे.

म्हणून प्रमाणपत्राच्या पुढच्या बाजूला काय छापायचं ते तज्ज्ञांनी ठरवावं. नाव, फोटो, क्यूआर कोड, मुख्यमंत्र्यांची छबी, काय हवं ते. मागची बाजू तेवढी आम्हाला द्या. तिथे एकच ओळ हवी: 'या इसमाने धोका दिसला म्हणून पंप थांबवला, तर वाया गेलेल्या काँक्रीटचे पैसे त्याच्याकडून कापले जाणार नाहीत आणि त्याला कामावरून काढलं जाणार नाही.' खाली कंत्राटदाराची सही, बिल्डरची सही, शिक्का.

बघू या, पहिलं पेन कोण काढतंय.